काळी एकचा पंखा

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

मोहन्याहून ठाण्यात वर्तकनगरला यायला खरा खर्च काय आला, तो आजच मांडून ठेवतो. टेम्पोवाल्याचा आकडा बायकोला, माधवीला, कमी करून सांगितलाय, पण तो पैसा आहे, येतो-जातो. खरं गेलं ते वेगळंच. एक माठ गेला. टिचकी मारली की पेटीच्या पांढरी पाचात बोलायचा, माजिवड्याच्या खड्ड्यात मुका झाला. माधवीची शेजारीण रंगूबाई गेली. म्हणजे आहे ती, ठणठणीत आहे, पण भिंतीपलीकडून आज कालवण काय गं, असं विचारणारी आता कुठून आणायची? आणि माझं बुधवारचं भजन गेलं. पेटी आणली, पण पेटीबरोबर मंडळी टेम्पोत बसत नाहीत.

जमेला काय, तर तिसऱ्या मजल्यावरचं स्वतःचं घर, वागळे इस्टेटमधला गाळा हाकेच्या अंतरावर, मागच्या बाजूला एक बदामाचं झाड, आणि शांतता. रेयॉन कंपनीच्या गेटसमोर टपरी टाकून जळक्या मोटरींत नवी तार भरणारा हा उत्तम, म्हणजे मी, आज भिंतीत बसवायचे पंखे स्वतःच्या नावाने विकतो. आठवी पास. बाकी सगळं शिकलो ते कानाने. मोटर दारातून आत आली की कोणती बेअरिंग गेलीय ते मी चहाचा कप खाली न ठेवता सांगतो.

गृहप्रवेश झाला. माधवीने फ्रिज, मिक्सर, गॅस, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. प्राचीचा तो कपाटाएवढा कॉम्प्युटर उरला. पोरगी घरी बसून सिनेमातले खोटे पूर आणि खोट्या आगी बनवते, त्याला असलं धूड लागतं, रात्रंदिवस चालू. त्याचं बाजूचं झाकण काढलं तर आत परातीएवढा पंखा. मी त्याच्या एका पात्याला कुंकवाचा ठिपका लावला. प्राची म्हणाली, बाबा, आता त्याची ओटी पण भरा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शांतता म्हणालो होतो ना? मोहन्याला रस्ता होता, रिक्षा होत्या, त्यात हा पंखा बुडून जायचा. इथे तो एकटाच बोलतो. प्राचीची खोली आणि हॉल यांत एकच भिंत, आणि सकाळी मी तंबोऱ्याचं यंत्र लावून बसलो की भिंतीतून घोंऽऽ. तो ना धड काळी एक, ना धड पांढरी दोन. मधेच कुठेतरी. ज्याला कान आहेत त्याला विचारा दाताखाली खडा आल्यावर कसं वाटतं.

प्राची कानाला हेडफोन लावून बसते, तिला काय त्याचं. माधवी म्हणते, तुमचे कान जरा कापूस घालून ठेवा, नाहीतर तुम्हालाच एखाद्या दिवशी त्याच्यात घालून ठेवीन.

दुपारी आमच्या धंद्याच्या पद्धतीने तपासला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डॉक्टरची नळी याच्यापुढे झक मारते. बेअरिंग शाबूत. दोष काही नाही, फक्त गरजेपेक्षा जोरात पळतोय. बराच वेळ मूठ हाडाला लावून बसलो. काढल्यावरही आवाज थोडा आतच राहिला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम झालं. कसं केलं ते लिहून ठेवतो.

घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही. हा बारा व्होल्टचा पंखा, त्याला त्याच्या जातीचा छोटा रेग्युलेटर मिळतो. तो मधे जोडायचा, मूळची वायर कापायची नाही. आधी मशीन बंद, प्लग बाहेर, मगच हात आत. आतल्या मुख्य चिपचा स्वतःचा छोटा पंखा असतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. प्राचीला तिचं सगळ्यात जड काम लावायला सांगितलं आणि उष्णता बघत बसलो. जराशी चढली, थांबली. म्हणजे हवा पुरेशी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फिरत्या पंख्याला थोडक्यात भागतं, थांबलेल्याला उठायला जोर जास्त लागतो. नवशिका पंखा चालता असताना वेग उतरवत नेतो, खूश होतो, आणि दिवे जाऊन आले की पंखा जागच्या जागी थरथरत बसतो. मी मशीन बंद केलं, पुन्हा प्राचीला चालू करायला लावलं, परत परत. दर वेळी उठला. माझ्या हातचा पंखा दिवे आल्यावर आपणहून उठला नाही, असं आजवर झालेलं नाही. शिवाय मशीनखाली बॅटरी आहे, दिवे गेले तर पाच-दहा मिनिटं ती सांभाळते.

आता गंमत. कमी करायचाच, तर कुठवर? प्राची म्हणाली, स्क्रीनवर आकडा दिसतो. मी म्हटलं, तुझा आकडा तुला लखलाभ, माझ्या कानाइतकं खरं मीटर अजून निघायचंय. तंबोरा लावला, तोंडाने सा धरला आणि बटण उतरवत गेलो, उतरवत गेलो, आणि एका जागी पंखा अलगद माझ्या सुरात येऊन बसला. काळी एक, खर्जातली. जन्मभर ज्या पट्टीत गातोय, ती. आता भिंतीतून घोंघाट येत नाही, साथ येते.

रविवार, ९ नोव्हेंबर

मोरूबुवा जेवायला आलेले. मोहन्याच्या आमच्या भजनाचे बुवा, मला सूर यांनीच दिला. माधवीने कोलंबीचं खाटखुटं केलेलं, बुवा दोनदा भात घेऊन म्हणाले, माधवी, तुझ्या नवऱ्याला ठाणं मानवलं नाही तर मी येतो राहायला.

जेवल्यावर मी पंखा ऐकवला आणि वर सा लावला. वाटलं, शाबासकी देतील. बुवा आधी हसले. मग मान तिरकी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, अरे उत्तम, हे काय करून बसलास? तंबोरा आपण लावतो, छेडतो, ठेवतो. हे तर थांबतच नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबतो, तिथे सूर त्याच्याकडे परत येतो. याने तुझा सूर घेतला तर तो परत द्यायला थांबणार कधी? मोड ती पट्टी, इकडे-तिकडे सरकव.

मी म्हटलं, बुवा, प्लास्टिकची पाती आहेत हो. ते म्हणाले, तंबोरा तरी काय, भोपळाच. पायऱ्या उतरतानाही मोड मोड म्हणत होते. म्हातारपण.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तंबोऱ्याचं यंत्र बिघडलं. काळी एकवर लावलं तरी पांढरी दोनला टेकतंय. प्राचीने मोबाइलवर तपासलं, म्हणाली बरोबर आहे. यंत्र यंत्राची बाजू घेणारच.

त्यात पंखाही वर सरकलाय. सकाळी बटण जरासं उतरवून परत सुरात आणला. उठतो का तेही पाहिलं. उठला.

या लोकांची घाई फार वाढलीय. गाळ्यावर पोरं हल्ली तोंडातल्या तोंडात भराभर बोलतात. माधवीचा आवाजही चिरका लागतो. मी म्हटलं, ओरडतेस कशाला? ती म्हणाली, ओरडत नाहीये, तुम्हीच सेल उतरलेल्या टेपसारखे बोलताय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पंखा पुन्हा चढला. पुन्हा उतरवला. बेअरिंग घासून मोकळी होत असेल, तसं होतं कधी. पण इतकं?

चहा हातात घेतो आणि गार होतो. गाळ्यावर एक पंखा जोडायला बसलो, संपवून वर पाहिलं तर शटर अर्धं खाली, पोरं घरी जायला निघालेली. त्यातला एकजण म्हणाला, शेठ, आज समाधी लागलेली काय? सगळे हसले. हसणं चिमण्यांसारखं ऐकू आलं.

दाढी केली नाही, तरी वाढलेली नाही. माधवीने हनुवटीवरून हात फिरवला आणि कपाळ चाचपून पाहिलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वर तारीख टाकली आणि प्राचीने वाकून पाहिलं. म्हणाली, बाबा, आज शनिवार आहे, बावीस. दोन दिवस कुठे गेले? मी झोपलो होतो का विचारलं. म्हणाली, नाही, तुम्ही पेटीपुढे बसला होता. एकच सूर धरून. आई घाबरली म्हणून तुम्हाला हलवलं.

मला आठवतंय ते इतकंच, की बसलो, सा लावला आणि श्वास घ्यायला थांबलो.

मंगळवार, २५ (प्राचीला विचारून लिहिलं)

आज कळलं. शांतपणे लिहितो.

पंख्याच्या खोलीत गेलो. झाकणाच्या काचेतून कुंकवाचा ठिपका लाल कड्यासारखा दिसत होता, अखंड. म्हणजे पंखा जोरात फिरतोय. मी बटणाला हात घातला तशी प्राची मधे आली. म्हणाली, बाबा, आणखी किती कमी करणार? जवळजवळ थांबलाय. मी तिला कडं दाखवलं. ती म्हणाली, कसलं कडं? तिने मोबाइलवर फोटो काढून समोर धरला. त्यात ठिपका होता. नुसता ठिपका, स्वच्छ, पात्यावर वाळलेला. बोटाचा ठसासुद्धा दिसत होता. मग ती ठिपक्याबरोबर मोजायला लागली, एक, दोन, तीन, लहानपणी उड्या मोजायची तशी. मला तिचे आकडे एकमेकांत मिसळून ऐकू आले.

पंखा चढत नव्हता. तंबोरा बिघडला नव्हता. गाळ्यावरची पोरं घाई करत नव्हती. मीच उतरत होतो. मी उतरलो की मला पंखा चढलेला वाटायचा, मग मी पंखा उतरवायचो, की त्याच्या मागून दोन दिवसांनी मी आणखी उतरायचो. माझं खरं मीटर. पंख्याच्याच पट्टीला बांधलेलं मीटर.

बहुतेक गुरुवार

बटण पूर्ण वर केलं. त्यात काय, एवढाच उपाय, असं वाटलेलं.

लोखंडावर पटाशी घासावी तसं काहीतरी कानामागच्या हाडातून आरपार गेलं. पडलो. नाकातून रक्त. जरासुद्धा वर आलो नाही. पंखा पळाला आणि मी राहिलो खाली. प्राचीने बटण होतं तिथे आणलं तेव्हा श्वास लागला.

बुवांना फोन लावायला सांगितला. त्यांचं बोलणं भुंग्यासारखं. प्राचीने कागदावर उतरवून दिलं: सूर चढवायला श्वास लागतो, उतरायला काहीच लागत नाही. तो पंखा थांबू देऊ नका. मी येतो.

कागद माधवीने वाचला. ती म्हणाली असावी, की बुवांचं काय ऐकायचं, आधी डॉक्टर.

तारीख नाही विचारली

डॉक्टर येऊन गेला. मला त्याचा पांढरा शर्ट तेवढा दिसला. प्राचीने लिहून दाखवलं: नाडी फार मंद, तपासण्या करायच्या, पूर्ण विश्रांती, आवाज नको.

आवाज नको. हे लिहिताना तिला किती बरं वाटत असेल. आता काहीतरी करता येईल, असं.

मला हॉलमधल्या दिवाणावर आणून ठेवलंय. पंखा भिंतीपलीकडे. काळी एक. अजून तशीच. मी सांगायचा प्रयत्न केला, मशीन बंद करू नका. माझा आवाज मला नेहमीसारखा वाटतो. पण माधवी कान तोंडाजवळ आणते, वाट बघते, आणि माझा पहिला शब्द संपायच्या आत तिला उठावं लागतं. दूध उतू जातं. बेल वाजते. दिवस संपतो.

हे वहीत लिहिलंय ते त्यांनी वाचावं, पण वही उशीखाली सरकवायची सवय. काढून पुढे करायला घेतली — समोर कुणी नव्हतं. मग होतं. मग नव्हतं.

—

उजेड, अंधार. उजेड. खिडकीतलं बदामाचं झाड लाल झालं. पानं पडली.

माधवी माझा हात धरून बसते. तिचा हात थरथरतो असं वाटायचं. थरथरत नाही. ती हात धरते, सोडते, स्वयंपाक करते, येते, धरते. मला ते एकच थरथरणं.

बायको इतकी जवळ असून तिचा चेहरा मला कळेनासा झालाय. झोपते तेव्हा तेवढा स्थिर होतो. मग बघून घेतो.

—

सोसायटीची चिठ्ठी दारावर. कुणीतरी टीपॉयवर ठेवली, म्हणून वाचता आली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद.

दिवसभर. बॅटरी पाच-दहा मिनिटं.

प्राचीला — हाक अर्धी —

ती आलेली, माझ्या कपाळावर काहीतरी गार ठेवून गेलेली.

—

पंखा गेला.

पहिल्यांदा खरी शांतता. दाराशी गेल्या गेल्या कळतं घरात कुणी नाही, तशी.

मी अजून आहे. बटण बंद केल्यावर पातं थोडं फिरत राहतं — तसा. उरलेले फेरे.

बुवा आलेत वाटतं. पांढरं धोतर. भिंतीकडे हात करून काहीतरी सांगतात. माधवी नाही म्हणून मान हलवते. डॉक्टरांनी आवाज नको म्हटलंय ना. बुवांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. चहाला.

त्यांची चूक नाही. माझ्यासाठीच —

—

दिवे आले. ट्यूबलाइट. फ्रिज सुरू झाला, ऐकू आला नाही, दिसला, वरची भांडी हलली.

आता उठेल. बटण मी बेताने ठेवलेलं. माझ्या हातचा —

नाही.

वाट पाहिली.

प्राचीच्या खोलीचं दार ओढलेलं. दिवाणापासून तिथवर चालायला घेतलं तर पोचणार नाही. एक ओळ लिहून होईल. लिहितो.

प्राची, भिंतीतले पंखे दिवे आल्यावर आपणहून सुरू होतात. कॉम्प्युटर होत नाही. त्या दिवशी दर वेळी तूच चालू केलेलास. त्याचं बटण कुणीतरी दाबावं ला